पिवळ्या खड्याची बरणी आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं भिंगं घासून निवृत्त झालेली, तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरात एकटी राहणारी विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सगळे मला खडेबाई म्हणतात आणि मला त्याचा राग नाही. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. जे दडपण आहे ते माझं मीच ओढवून घेतलेलं आहे. अक्षर थरथरलेलं दिसेल, पण त्याचा संबंध वयाशी लावू नये. मी घाबरलेली आहे, आणि घाबरलेल्या माणसालाही कायद्याने मृत्युपत्र करता येतं, असं मी चौकशी करून घेतलं आहे.

आज शुक्रवार. उद्या सकाळी मला एक काम करायचं आहे. त्यात माझं काही बरंवाईट झालं, तर मागच्यांनी अंदाज बांधत बसू नये म्हणून आजच लिहून ठेवते. काम कोणतं ते पुढे येईल. एकदम लिहायला हात धजत नाही.

कलम एक. घर. घर माझ्या मुलाला द्यावं. ते आमच्या ह्यांनी लाँचच्या इंजिनांमध्ये हात काळे करून बांधलं आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. मात्र एक अट आहे आणि ती सगळ्यात आधी वाचावी. पुढच्या खोलीतल्या फळीवरच्या एकाही बरणीतलं पाणी कुणी ओतू नये. बरणी हलवू नये, झाकण उघडू नये, "जरा पुसून ठेवते" असं म्हणत फडकंही घेऊ नये. सूनबाई, हे तुझ्यासाठी लिहिलंय. तू आलीस की आधी खिडक्या उघडतेस आणि मग माझ्या बरण्यांवर घसरतेस. "आई, हे घर आहे की तळ्याचा तळ?" असं तू विचारलंस तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. प्रश्न चांगला होता. खडे पाण्यात ठेवले की त्यांचा रंग खुलतो, वाळले की सगळे सारखेच राखाडी दिसतात, म्हणून मी ते पाण्यात ठेवते. चाळीस वर्षांची ही सवय. आज त्या सवयीमुळेच घर अजून उभं आहे, असं मला वाटतं.

बँकेत जे काही निघेल तेही मुलालाच. पासबुक पिठाच्या डब्यामागे आहे. याबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

कलम दोन. हत्यारं. भिंग घासायचं चाक, तीन भिंगं, लांब चिमटा, गाळणी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बूट सूनबाईला, कारण तिचा माझा पाय एका मापाचा आहे आणि तिला ते आवडतात, हे ती कधीच कबूल करणार नाही. चाक दुकानाच्या मालकाला द्यावं. त्याने एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना "मी स्वतः भिंग घासलंय" असं सांगितलं आणि मी आत बसून ऐकलं. आता चाक घ्यावं आणि खरोखर घासून बघावं. पहिल्या आठवड्यात बोटांची सालं निघतात, तेवढं त्याला सांगायला विसरू नका.

कलम तीन. काच. पलंगाखाली सहा खोकी आहेत. लाटांनी घासून घासून गुळगुळीत केलेली फुटक्या बाटल्यांची काच. हिरवी, तपकिरी आणि पांढरी भरपूर आहे, निळी दोन मुठी आणि जांभळट फक्त नऊ तुकडे. तिची किंमत शून्य आहे. पण ज्याला धार होती ते पाण्यात पडून पडून हातात धरण्यासारखं झालं, याचं मला आयुष्यभर अप्रूप वाटलं. ती ज्याला हवी त्याने न्यावी. काच निरुपद्रवी आहे. हे वाक्य लिहिताना आज पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

कलम चार. जीवाश्म. पानाचा ठसा असलेली पाटी, माशाच्या खवल्यांचा दगड, आणि गोगलगायीच्या आकाराचे बारा शंख, जे आता पूर्ण दगड झाले आहेत. हे सगळं शाळेला द्यावं. पाठीमागे चिकटवलेल्या चिठ्ठ्या काढू नयेत. कोणत्या दिवशी, कुठल्या खडकापासून किती पावलांवर सापडलं ते त्यावर लिहिलंय. चिठ्ठी निघाली की जीवाश्म नुसता दगड होतो. हे मी लोकांना इतक्या वेळा बजावलंय की माझ्या मागे माझी नक्कल करणारे चारपाच जण तरी निघतील.

इथे मी उठले आणि बरणीतलं पाणी बघून आले. काल पेन्सिलने खूण केली होती. पाणी खुणेपाशीच आहे. तरी घोटभर आणखी घातलं. त्यातलं अर्धं फळीवर सांडलं. गेल्या मंगळवारपासून मी गॅस पेटवलेला नाही, चहासुद्धा केलेला नाही. झोपते स्वयंपाकघरात, मागच्या दाराला पाय लावून. घराचं लाकूड जरा वाजलं की जीव मुठीत धरून उठून बसते.

कलम पाच. वह्या. खड्यांच्या ओळखीच्या तेरा वह्या आहेत. दर रविवारी सकाळी धक्क्यापाशी मी टेबल मांडते हे सगळ्यांना माहीत आहे. लोक सापडलेलं घेऊन येतात, मी बघून सांगते: ही गारगोटी, हा अकीक, ही चुनखडी, हे विटेचं ढेकूळ, वाईट वाटून घेऊ नका. सांगितलं की वहीत नोंदवते. कुणी आणलं, काय सांगितलं. या वह्या कुणाला द्याव्या हे ठरवायला बसले आणि तेराव्या वहीपाशी अडले. ती जाळून टाकावी, असं मी काल ठरवलं होतं.

नाही. लिहूनच टाकते.

या हिवाळ्याच्या तोंडाला तळ्याच्या जुन्या धक्क्यापाशी यंत्र लावून गाळ काढला. त्यानंतर काठावर पिवळे, मेणचट खडे सापडायला लागले. तीन आले माझ्याकडे. एक मला स्वतःला सापडला, एक बोटीच्या तिकिटवाल्याने आणला आणि एक बेकरीवालीने. तिन्ही मी ओलेच हातात घेतले, अंगठ्याने चोळले आणि सांगितलं: तृणमणी. म्हणजे झाडाची राळ, लाखो वर्षांत दगड झालेली. आमच्या तळ्यात पूर्वी दोनदा सापडलेली आहे. वहीत लाल शाईने नोंद केली. तिकिटवाल्याला म्हटलं, "पाण्यात ठेवा, रंग बघा कसा येतो." आणि बेकरीवालीला काय म्हटलं ते तिच्या आणि माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तिला म्हटलं, "खिशात ठेव गं. ऊब लागली की राळेचा वास सुटतो. दिवसभर मजेत राहशील."

ती खूश होऊन गेली. एप्रनच्या खिशात खडा, त्याच खिशात मोबाईल, आणि समोर भट्टी. त्याच दुपारी बातमी आली की बेकरीवालीच्या खिशात मोबाईल फुटला आणि मांडी भाजली. सगळे मोबाईलच्या कंपनीला शिव्या देत होते. मीसुद्धा दिल्या.

मंगळवारी मी तिला रुग्णालयात बघायला गेले. पाव तिच्याच बेकरीतला नेला होता, दुसरं काही सुचलं नाही. ती उताणी पडलेली, तोंड भिंतीकडे. मला बघून तिने हात पुढे केला आणि काय म्हणाली असेल?

"मावशी, तुमचा खडा गेला हो. खूप शोधायला लावला मी सगळ्यांना. नाहीच मिळाला. रागावू नका हं."

मी म्हटलं, "खड्याचं काय घेऊन बसलीस." मग तिच्या नवऱ्याने सांगितलं की डॉक्टर बुचकळ्यात पडलेत. मलमपट्टी सोडली की जखमेतून धूर येतो, आणि वास येतो लसणासारखा. मोबाईलच्या भाजण्यात असं कधी बघितलं नाही म्हणतात. मी पावाची पिशवी तशीच घेऊन घरी आले.

घरी येऊन मी ते केलं जे रविवारी टेबलावर करायला हवं होतं. भांडंभर पाण्यात भरपूर मीठ विरघळवलं. तृणमणी हलका असतो, मीठपाण्यावर तरंगतो. ही पोरांना शिकवायची चाचणी. माझ्या बरणीतला पिवळा खडा चिमट्याने उचलला. पाण्याबाहेर तो येतो न येतो तोच त्याच्या अंगावरून पांढऱ्या धुराचा दोरा उठला. लसणाचा वास आला. मीठपाण्यात तो सरळ तळाशी गेला. मी पुन्हा उचलून बरणीत टाकला आणि झाकण लावलं आणि तिथेच जमिनीवर बसले. किती वेळ ते माहीत नाही.

तो फॉस्फरस आहे. पांढरा फॉस्फरस म्हणतात, पण जुना झाला की पिवळा पडतो. जुन्या काळी तळ्यात फेकून दिलेल्या दारूगोळ्यातला असणार. पाण्यात गप्प पडून राहतो, वाळला आणि ऊब लागली की आपोआप पेटतो.

मंगळवारपासून आज शुक्रवारपर्यंत मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं, तर भीती वाटली. पोलिसांची वाटली. बेकरीवालीच्या नवऱ्याची वाटली. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त भीती या गोष्टीची वाटली की रविवारी टेबल मांडल्यावर कुणी येणार नाही. लिहायला लाज वाटते, पण असंच आहे.

आता उद्याचं काम. आमच्या ह्यांची लहान होडी अजून खालच्या छपरात आहे. सकाळी बरणी मांडीवर धरून तळ्याच्या मध्यावर जायचं, बरणी सोडून द्यायची, येऊन तेरावी वही चुलीत घालायची, असा माझा बेत आहे. मला पोहता येत नाही आणि एकाहत्तराव्या वर्षी वल्हं मारणं म्हणजे काय ते मला कळतं. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम सहा. वन्सं. हे कलम मी सकाळी एका तऱ्हेने लिहिणार होते, आता दुसऱ्या तऱ्हेने लिहीत आहे.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. लग्न होऊन आले तेव्हा काठावर खडे वेचायला मला त्यांनीच नेलं. पहिलं भिंग त्यांनी दिलं. पहिली वही आम्ही दोघींनी मिळून लिहिली. चौदा वर्षांपूर्वी एका रविवारी मी एक पिवळा खडा हातात धरून तृणमणी म्हटलं आणि वन्सं भर लोकांत म्हणाल्या, "वहिनी, आधी मीठपाण्यात टाका. बोटांनी ओळखायला तुम्ही काय नाडी बघणाऱ्या वैद्य आहात?"

सगळे हसले. मी हट्टाने तो खडा त्यांच्यासमोर मीठपाण्यात टाकला. तो तरंगला. खरोखरचा तृणमणी होता. मी त्यांच्याकडून टेबलाच्या पेटीची किल्ली मागून घेतली आणि म्हटलं, "उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नका." त्या गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "आज बरोबर आलं म्हणून मीठ टाकायचं सोडू नका." मी मिठाची बरणी त्याच दिवशी टेबलावरून काढली. त्या दिवशी मी बरोबर होते, हाच माझा घात झाला. चुकले असते तर आज बेकरीवाली भट्टीपाशी उभी असती.

या कलमात वन्संना एक फुटकी परीक्षानळी द्यावी असं मी लिहिणार होते. चौदा वर्षं घोकून ठेवलेला विनोद होता. लिहायला घेतला आणि आठवलं, फॉस्फरस पाण्यात कसा ठेवतात हे मला कुणी दाखवलं होतं? वन्संनी. प्रयोगशाळेच्या कपाटात, काळ्या बाटलीत, पाण्याखाली बुडवलेली कांडी. त्यांनी मला लांबूनच दाखवली होती आणि म्हणाल्या होत्या, "हा पाण्यात असतो तोवर आपला, बाहेर आला की कुणाचाच नाही."

मी लेखणी ठेवली आणि फोन लावला. चौदा वर्षांनी. नंबर पाठ होता.

"हॅलो," त्या म्हणाल्या.

"वन्सं, मी बोलतेय." पुढचं सगळं एका दमात बोलले. पिवळा खडा, खिसा, भट्टी, मांडी, धूर, लसूण. बोलून झालं तेव्हा मला वाटलं, ठेवला फोन. ठेवायलाच हवा होता.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "बरणीत पाणी किती आहे?"

"खडा बुडून वर चार बोटं."

"छान. तिला हात लावू नका. डॉक्टरांना सांगितलंत?"

"कुणाला?"

"बेकरीवालीच्या डॉक्टरांना. फॉस्फरस आहे म्हणून."

"नाही."

"वहिनी, ते मोबाईलचं भाजणं समजून उपचार करतायत. कण आत असतील तिच्या. पट्टी सोडली की धूर येतो म्हणालात ना तुम्ही? तुम्हाला कळून तीन दिवस झाले!" आता त्यांचा आवाज चढला. "आधी तिथे फोन करा. मग अग्निशमनवाल्यांना. होडीबिडीचं खूळ डोक्यातून काढा, तळ्यात टाकायला तुम्हाला काय कुणी परवाना दिलाय? मी दोनच्या बसने येते."

हे मला सुचलं नव्हतं. देवाशपथ सांगते, नव्हतं सुचलं. मला फक्त माझं नाव आणि माझं घर दिसत होतं. ती पोर तिथे जळतेय अजून, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी रुग्णालयात फोन केला. तिथल्या नर्सला दोनदा सांगावं लागलं. "कोण बोलतंय?" तिने विचारलं. मी माझं नाव सांगितलं. पूर्ण.

वरच्या कलम पाचमधली वही चुलीत घालण्याची गोष्ट रद्द समजावी. अग्निशमनवाल्यांनाही फोन केला आहे, तेरावी वही त्यांना दाखवायची आहे. खाडाखोडीवर सही केली आहे.

आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत. दुपारी जे घडलं तेही या कागदावर असावं, नाहीतर पुढचं कलम कळणार नाही.

वन्सं आल्या. केस पूर्ण पांढरे झालेत. दारातच म्हणाल्या, "तिसरा खडा कुठे आहे?" पाणीसुद्धा घेतलं नाही. मी म्हटलं, तिकिटवाल्याकडे, पण त्याने पाण्यातच ठेवलाय, मी सांगितलं होतं. "चला," त्या म्हणाल्या. उतारावरून आम्ही दोन म्हाताऱ्या जवळजवळ पळत गेलो. त्यांचा गुडघा दुखतो, माझा श्वास लागतो. एकमेकींना धरून पळत होतो.

तिकिटघराची काच बंद होती, आत हीटर लावलेला. तिकिटवाला आम्हाला बघून हसला. "बाई, बरं झालं आलात. मुलीचं लग्न ठरलं. त्या खड्याचं लॉकेट करतोय तिला. सोनार म्हणाला, कोरडा करून आणा. हा बघा, तासाभरापूर्वी काढून ठेवलाय."

पाण्याचा पेला बाजूला होता. खडा खिडकीच्या कट्ट्यावर, दुमडलेल्या ओल्या रुमालावर, उन्हात. रुमाल कडेने वाळत आला होता. आणि रुमालाच्या वर एक बारीकसा धूर, उदबत्ती विझल्यावर येतो तेवढाच.

मी नुसतं बोट दाखवलं. वन्संनी पेला उचलला आणि रुमालावर उपडा केला. मग कोपऱ्यातली फरशी पुसायच्या पाण्याची भरलेली बादली ओढली, तिकीट फाडायची पट्टी घेतली आणि रुमालासकट सगळं बादलीत ढकललं. बादलीत बुडबुडे आले. खोलीभर लसणाचा वास पसरला.

"अहो, अहो, काय करताय!" तिकिटवाला ओरडला. "लग्नाचं आहे ते!"

मी त्याला सांगितलं. वन्सं सांगायला निघाल्या होत्या, पण मी त्यांचा हात धरला आणि मीच सांगितलं. तो ऐकत गेला. मध्येच त्याने हीटर बंद केला. सगळं ऐकून झाल्यावर तो खुर्चीत बसला आणि बादलीकडे बघत म्हणाला, "गळ्यात घालणार होती ती. पोरगी माझी. गळ्यात."

मी म्हटलं, "हो."

"तुम्हाला मंगळवारी कळलं होतं?"

"हो."

"आज शुक्रवार आहे, बाई."

मी त्याला साक्षीदार म्हणून संध्याकाळी बोलावलं होतं. तो म्हणाला, "तुमच्या कुठल्याही कागदावर मी सही करणार नाही. रविवारी टेबलही तिकिटघरासमोर मांडू नका." तो बरोबर बोलला. हे मी रागाने लिहीत नाही.

चार वाजता अग्निशमनवाले आले. जाड हातमोजे, वाळूचे डबे. बादली नेली, माझी बरणी नेली, आणि फळीवरच्या बाकीच्या एकशेबारा बरण्या भिंगाखाली एकेक बघितल्या. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "आजी, या सगळ्यांतले खडे तुम्ही बरोबर ओळखलेत की." त्याला मला बरं वाटावं असं बोलायचं होतं. मी मागच्या दारी जाऊन रडले.

कलम सात. टेबल. टेबल, पेटी, किल्ली आणि तेराही वह्या वन्संच्या ताब्यात द्याव्यात, असं मी लिहिलं. वन्संनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मला साक्षीदार व्हायचंय. हे काढा." मी म्हटलं, "मग मी काय देऊ तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "चहा द्या. सकाळपासून घसा कोरडा पडलाय." मंगळवारनंतर पहिल्यांदा गॅस पेटवला. काडी ओढताना मी डोळे मिटले होते, ते त्यांनी बघितलं आणि माझ्या हातातून काडेपेटी घेतली. टेबल आणि वह्या मी वन्संना जिवंतपणीच दिल्या आहेत, त्यामुळे त्यांचा या मृत्युपत्राशी संबंध नाही. काठावर पाटी लावायची आहे, पिवळा खडा उचलू नये म्हणून. ती वन्सं लिहिणार, खाली नाव माझं असणार. तसं मीच सांगितलं.

कलम आठ. बेकरीवालीला या मृत्युपत्रात काहीही ठेवलेलं नाही. तिला जे द्यायचं ते माझ्या मरणाची वाट बघून द्यायचं नाही. दवाखान्याचं सगळं मी बघेन, आणि ती उभी राहीपर्यंत पहाटे बेकरीत पीठ मळायला जाईन, तिचा नवरा आत घेईल तर.

शुक्रवारी वन्संनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसरा साक्षीदार नव्हता. शनिवारी दोन शेजाऱ्यांना विचारलं. एकाला काम होतं, दुसऱ्याने दारच उघडलं नाही. गोष्ट तोवर सगळीकडे पोचली होती.

आज रविवार. टेबल मांडलं नाही. हा कागद घेऊन मी रुग्णालयात आले. डॉक्टरांनी शुक्रवारीच जखम पुन्हा उघडून कण काढले. आता धूर येत नाही. डाग राहणार. चालताना किती दिवस दुखेल ते सांगता येत नाही म्हणाले.

बेकरीवालीचा नवरा मला बघून खोलीबाहेर गेला. ती आज कुशीवर होती. मी सांगायला लागले तर म्हणाली, "नर्सने सांगितलं सगळं." मला वाटलं, निघावं. तर तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "ते काय आहे?"

मी दिलं. तिने पहिल्या ओळीपासून वाचलं. सावकाश. कलम पाच वाचताना तिचे ओठ हलत होते. एकदा पान उलटून मागे गेली आणि पुन्हा वाचलं. मी खाटेच्या पायाशी उभी होते, बसायची हिंमत झाली नाही. भीती वाटत होती. अजून वाटते आहे.

वाचून झाल्यावर म्हणाली, "दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी आहे."

"हो. कुणी मिळालं नाही."

"सही केली म्हणजे माफ केलं, असं होतं का?"

"नाही गं. सही केली म्हणजे मी तुझ्यासमोर सही केली, एवढंच."

तिने उशीखालून पेन काढून माझ्याकडे दिलं.

"मग करा," ती म्हणाली. "मी बघते."

सही: खडेबाई म्हणून ओळखली जाणारी, वरील मजकूर लिहिणारी. शुक्रवारची सही कायम, आज दुसऱ्यांदा केली.

साक्षीदार पहिली: माझी नणंद, निवृत्त प्रयोगशाळा सहायक. "माझ्यासमोर सही केली. शुक्रवार, तारीख पंधरा, सायंकाळ."

साक्षीदार दुसरी: बेकरी चालवणारी. स्वतःच्या अक्षरात: "माझ्यासमोर सही केली. आठही कलमं वाचली. बाकीचं अजून ठरवलेलं नाही."

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खाट क्रमांक अकरा.
वार रविवार, तारीख सतरा, सकाळी साडेदहा.